भडंगचे डोळे

सुश्वास कंपनीच्या केंद्रात येताना अंगावर दुसऱ्या कुठल्याही प्राण्याचा केस असता कामा नये, अशी सूचना होती. म्हणून त्या रविवारी चौगुले कुटुंब धुतलेले, इस्त्रीचे कपडे घालून मिरजेहून कोल्हापूरकडे निघालं. गाडी आपली आपण चालत होती, तरी अभिनंदन सवयीने स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याची दहा वर्षांची मुलगी चंदना मागे बसून नावांची यादी करत होती. तिची आई, त्रिशला, खिडकीबाहेर बघत होती. आपण खरोखर कुत्रा आणायला निघालोय, हे तिला अजून पटत नव्हतं.

चंदनाला दमा होता. चार वर्षांची असताना शेजारच्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून ती अर्धा तास बसली आणि तासाभराने तिचे ओठ निळे पडले. तेव्हापासून रस्त्यात कुत्रा दिसला की आई तिला दुसऱ्या बाजूला ओढायची आणि मुलगी मान वळवून त्या कुत्र्याकडे बघत राहायची. बाकीची मुलं वाढदिवसाला सायकल मागत. चंदना दर वर्षी कुत्रा मागायची.

त्रिशला मिरजेच्या एका इस्पितळात ॲलर्जीच्या प्रयोगशाळेत काम करत होती. "कमी केस गळणारा कुत्रा सुचवा हो," म्हणत येणाऱ्या पालकांना समजावून तिचं तोंड दुखायचं. लोकांना वाटतं, ॲलर्जी केसांची असते. खरा त्रास असतो कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीवरच्या काही प्रथिनांचा. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे बारीक कण हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर आपल्या आत जातात. काहींच्या शरीराला ते कण शत्रू वाटतात आणि श्वासनलिका आवळून धरली जाते. कुत्रा केसाळ असो की गुळगुळीत, लाळ त्याला असतेच. ॲलर्जी न देणारी जात फक्त जाहिरातीत जन्माला येते.

सुश्वासने नवी जात शोधली नव्हती. त्या प्रथिनाचं जनुकच कापून टाकलं होतं. चंदनाच्या रक्ताची तपासणी त्रिशलाने स्वतः केली होती. तिचं शरीर एकाच प्रथिनावर उठत होतं, आणि नेमकं तेच या कुत्र्यांमध्ये नव्हतं.

केंद्रातला सल्लागार पीयूष कानविंदे हसतमुख होता. काचेपलीकडे सात पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडत होती.

"एक विचारू?" त्रिशला म्हणाली. "हे प्रथिन कुत्र्याच्या अंगात असतं कशाला? काहीतरी काम असेल की त्याचं."

"काहीच नाही मॅडम. उत्क्रांतीत मागे राहिलेली अडगळ. आपल्या अक्कलदाढेसारखी." पीयूषने अभिनंदनसमोर करार उघडला. "तुम्ही नशीबवान आहात. पहिल्या शंभर घरांतलं एक घर तुमचं."

आतल्या खोलीत चंदना जमिनीवर मांडी घालून बसली. पिवळसर अंगावर तांबडे ठिपके असलेलं एक पिल्लू धडपडत आलं, तिच्या मोज्यावर मुतलं आणि तिथेच झोपलं.

"हा अगदी तिखट लावलेल्या चुरमुऱ्यांच्या भडंगासारखा दिसतो," चंदना म्हणाली. यादीतलं एकही नाव तिने वाचून दाखवलं नाही.

अभिनंदनने कराराच्या बावीस पानांवर न वाचता बोट टेकवलं. त्रिशला मुलीच्या श्वासाकडे कान लावून बसली होती. शिट्टीसारखा आवाज येत नव्हता. पिल्लू तिचा गाल चाटत होतं, आणि आवाज येत नव्हता. त्रिशला उठून बाहेर गेली आणि गाडीच्या आडोशाला उभी राहून रडली.

त्यानंतरचं जवळजवळ एक वर्ष त्या घराने फार सुखात काढलं. चंदना सकाळी भडंगला घेऊन मैदानावर पळायची. पळायची, ही गोष्टच नवी होती. कपाटातलं वाफाऱ्याचं यंत्र धूळ खात पडलं. भडंगला रिक्षाचा हॉर्न आवडायचा नाही, टोमॅटो आवडायचा, आणि चंदना अभ्यासाला बसली की तो वहीवर हनुवटी ठेवायचा. त्याला बोलायचं असलं की तो डोळ्यांनी बोलायचा. अभिनंदन म्हणायचा, "या घरात माझं ऐकणारा हा एकटाच आहे."

तो तेरा महिन्यांचा झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांना चिकट घाण येऊ लागली. मग तो सोफ्याच्या कडेला तोंड घासायला लागला. मग उन्हात जाईना. एका सकाळी चंदनाने चेंडू फेकला आणि तो चेंडूच्या विरुद्ध दिशेला धावला. मुलीला वाटलं, तो गंमत करतोय.

जनावरांचे डॉक्टर इम्तियाज मुजावर यांनी भडंगच्या डोळ्यांत हिरवा रंग टाकून दिव्याखाली बराच वेळ बघितलं. काळ्या बुबुळावर हिरवे ओरखडे चमकत होते.

"सुश्वासचा ना?" त्यांनी विचारलं. "हा माझ्याकडे आलेला चौथा."

"चौथा?"

"बसा ताई." डॉक्टरांनी कागदावर डोळ्याची आकृती काढली. "अश्रू म्हणजे नुसतं पाणी नसतं. पाण्यावर तेलाचा एक पातळ थर असतो, म्हणून पाणी लगेच सुकत नाही. पण त्यातलं तेल अधूनमधून खाली उतरून बुबुळाला चिकटतं. चिकटलं की तिथे पाणी टिकत नाही, तेलकट ताटलीवर टिकत नाही तसं. ते तेल उचलायला अश्रूंमध्ये एक प्रथिन असतं. डोळ्याचा झाडूवाला म्हणा. तुमच्या-माझ्या डोळ्यांतही त्याचा भाऊबंद आहे. आणि कुत्र्यात तो झाडूवाला म्हणजेच..."

त्रिशलाला पुढचं ऐकायची गरज नव्हती. "त्यांनी कापलेलं प्रथिन."

"तेच. लाळेतलं आणि अश्रूंमधलं प्रथिन एकच. पापणीच्या दर उघडझापीला डोळा थोडा थोडा सोलला जातोय. याला दिसत नाही, ही नंतरची गोष्ट. आज याला दुखतंय."

"ते म्हणाले होते, अडगळ आहे. अक्कलदाढेसारखी."

"अक्कलदाढ काढणारा निदान तोंडात बघतो तरी," मुजावर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "आधीच्या तिघांना कंपनीने बदलून नेलं. कुठे ठेवलं म्हणून दोनदा विचारलं मी. पत्ता दिला नाही."

घरी येऊन त्रिशलाने करार शोधला. अभिनंदन घरीच विसरून गेलेल्या फोनवर होता तो. सतराव्या पानावर कलम होतं: पंधराव्या ते अठराव्या महिन्यात ग्राहकास कुत्रा विनामूल्य बदलून मिळेल. करार बंद करता करता तिला कंपनीचंच एक पत्र दिसलं, दोन महिन्यांपूर्वी आलेलं आणि उघडून वाचलेलं. 'आपल्या कुत्र्याच्या डोळ्यांत काही बदल दिसू शकतात. घाबरू नये. त्याच रंगाचं, त्याच ठेवणीचं पिल्लू आपल्यासाठी तयार होत आहे. त्याला आपल्या कुत्र्याच्याच नावाची सवय लावली जाईल.'

अभिनंदन कुपवाडला बेदाण्याच्या शीतगृहाचा व्यवस्थापक होता. तो दुपारी जेवायला आला तेव्हा ती फोन हातात घेऊन दारातच उभी होती.

"तुला माहीत होतं."

त्याने फोनकडे बघितलं आणि चपला न काढता तिथेच थांबला. "मला वाटलं, मे महिन्यात चंदना निपाणीला आजीकडे जाईल. तेव्हा बदलून घेऊ. तिला कळणारही नाही."

"दोन महिने, अभी! दोन महिने त्याचे डोळे सोलले जात होते, आणि तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होतास."

"मग काय करायचं होतं मी? सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी भांडायला गेली असतीस आणि पोरगी रडून रडून दवाखान्यात पडली असती! तिचा श्वास महत्त्वाचा की..."

"की काय? बोल की पुढे."

तो चपला काढायला खाली वाकला.

"घरात मुंगी आली तर तू पिठाची चिमूट टाकून तिला बाहेर नेतोस," त्रिशला म्हणाली. "पाण्यातला जीव मरू नये म्हणून चतुर्दशीला पाणी गाळून पितोस. आणि हे जित्राब जुन्या गादीसारखं बदलून घेणार होतास. पोरीच्या नकळत. त्याच नावाचं!"

अभिनंदन न जेवता परत गेला. त्रिशलाने कंपनीला फोन लावला. तिसऱ्या दिवशी पीयूषने उत्तर दिलं, केंद्रात या, समोरासमोर बोलू.

ती भडंगला घेऊन एकटीच गेली. केंद्रात पाच-सहा कुटुंबं बसली होती. धुतलेले, इस्त्रीचे कपडे. काचेपलीकडे नवी पिल्लं. पीयूष तिला आतल्या खोलीकडे नेऊ लागला.

"इथेच बोलू," ती म्हणाली आणि भडंगला उचलून स्वागताच्या टेबलावर ठेवलं. दिव्यांच्या उजेडाने त्याने डोळे गच्च मिटले.

"मॅडम, आपल्या बदली पिल्लाची सोय केलीय. जुन्याला आम्ही आमच्याकडे सांभाळतो."

"कुठे? दाखवा."

"ते ग्राहकांसाठी खुलं नाहीये."

"बरं. मग एवढंच सांगा. आम्ही पहिल्या शंभरातले, तुम्हीच म्हणालात. त्या दिवशी तुमचा एकही कुत्रा कुणाच्या घरात पंधरा महिने राहिलेला नव्हता. तरी करारात पंधरा ते अठरा महिने हा आकडा आला कुठून?"

पीयूषचं हसू गेलं. तो म्हणाला, "करार कायदा विभाग करतो."

"कायदा विभागाला डोळ्यांचं कसं कळलं? तुमच्या प्रयोगशाळेत आधी आंधळे झाले ते कुत्रे बघूनच लिहिलं ना? तुम्हाला माहीत होतं. माझ्या मुलीने याला मांडीवर घेतलं तेव्हा इथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं!"

त्रिशला बसलेल्यांकडे वळली. "बघा याच्याकडे. तुम्ही आज न्याल त्याचंही हेच होणार. दीड वर्षात. जायला वाट आहे, उठा."

एक बाई उठली, तिने मुलीचा हात धरला आणि ती खरंच निघून गेली. बाकीचे बसून राहिले. कोपऱ्यातला एक माणूस खाली बघत म्हणाला, "ताई, माझ्या पोराला मित्र नाही कुणी. दम्यामुळे शाळासुद्धा घरूनच करतो. तो रोज विचारतोय, कुत्रा कधी आणायचा." त्याने काचेकडे पाहिलं. "दीड वर्ष तर दीड वर्ष."

"आणि कुत्र्याचं काय?" त्रिशला ओरडली.

त्याच्या मुलाने काचेला नाक लावलं होतं. त्रिशलाला त्या माणसाच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मग तिला आठवलं, त्या दिवशी गाडीच्या आडोशाला ती रडली होती. तेव्हा कुणी येऊन हेच सांगितलं असतं, तर ती तरी उठली असती का? ती भडंगला उचलून बाहेर आली आणि सरळ मुजावर डॉक्टरांकडे गेली.

मुजावर डॉक्टरांनी एक औषध मागवून दिलं. पोलिसांच्या कुत्र्यांसाठी बनवलेले डोळ्यांचे थेंब होते ते. त्यात अश्रूंमधलं तेच प्रथिन घातलेलं होतं.

"पण तुमच्या घरी..." डॉक्टर घुटमळले.

"एकेक थेंब," त्रिशला म्हणाली. "एवढ्याने काय होतंय."

दर चार तासांनी तिने थेंब घातले. तिसऱ्या दिवशी भडंगने डोळे पूर्ण उघडले. त्याने चंदनाकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि शेपटीने स्टुलावरचा पाण्याचा तांब्या पाडला. मुलगी हसत सुटली. त्रिशलाही हसली. प्रयोगशाळेतली बाई ती. आयुष्यभर लोकांना आधी मोजा, मग करा, असं सांगत आलेली. तिने मोजलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी शाळेतून फोन आला. चंदनाला वर्गात श्वास लागला होता. तिला त्रिशलाच्याच इस्पितळात आणलं, आणि त्रिशला पांढऱ्या कोटात जिन्यावरून धावत खाली आली तेव्हा तिच्या मुलीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. दोन तासांनी श्वास ताळ्यावर आला. अभिनंदन भिंतीला टेकून उभा होता. तो तिला दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी तिने भडंगची लाळ तपासली. डोळ्यातला थेंब नाकात उतरत होता, नाकातून तोंडात, तोंडातून जिभेने अंगभर. साध्या कुत्र्याच्या लाळेत असतं त्याच्या तिसाव्या हिश्शाइतकं प्रथिन. चंदनाला तेवढंही पुरलं होतं. तिने आकड्याचा कागद चुरगाळून भिंतीवर फेकला. रागावायचं कुणावर? कंपनीवर होताच राग, नवऱ्यावर होता. आता त्यात तिचाही वाटा होता.

घरी आल्यावर चंदनाला सगळं सांगावं लागलं. पत्र, बदली, थेंब, सगळं. अभिनंदननेच सांगितलं.

"म्हणजे तो इथे राहिला तर त्याला दिसणार नाही," चंदना शेवटी म्हणाली. "आणि त्याला दिसलं तर मी इथे राहू शकत नाही."

"हो," त्रिशला म्हणाली.

"थेंब न घालता ठेवला तर?"

"डॉक्टर त्याचे डोळे काढून टाकतील. मग दुखणार नाही. तो तुझ्याजवळ राहील."

चंदनाने भडंगकडे बघितलं. तो दाराबाहेर बांधलेला होता आणि जाळीतून तिला शोधत होता. "त्याला डोळे राहू देत," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळून मोठ्याने ओरडली, "पण तुम्ही त्याला फसवून पाठवणार होता! मला विचारलं का नाही? माझा होता ना तो? का नाही विचारलं?" ओरडता ओरडता तिला खोकला आला, आणि तरी ती थांबली नाही. अभिनंदनने ते सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो भडंगला कुपवाडच्या शीतगृहावर घेऊन गेला. तिथल्या ऑफिसच्या मागे त्याने त्याच्यासाठी जागा केली. पहाटेपासून रात्रीपर्यंत सहा वेळा थेंब तोच घालायचा, रविवारीसुद्धा. घरी येण्याआधी तिथेच साबण लावून आंघोळ, कपडे बदलून वेगळ्या पिशवीत. त्रिशला त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. तिने कंपनीविरुद्ध तक्रार केली, मुजावर डॉक्टरांनी चार कुत्र्यांचे कागद जोडले. तीन महिन्यांनी उत्तर आलं. सुश्वासने आपल्या माहितीपत्रकात एक ओळ वाढवली होती: कुत्र्याच्या डोळ्यांची नियमित काळजी घ्यावी. ती ओळ वाचून त्रिशलाने फोन आपटला आणि त्याच फोनवरून पुन्हा तक्रार लिहायला बसली.

दर शनिवारी चंदना शीतगृहाच्या फाटकाबाहेर उभी राहायची, वारा पाठीमागून असेल अशा बेताने, तोंडावर मास्क लावून. आत भडंग धावायचा. चेंडू अभिनंदन फेकायचा, कुठे फेकायचा ते ती ओरडून सांगायची.

भडंगला अठरा महिने झाले त्या दिवशी सकाळी घरासमोर सुश्वासची गाडी थांबली. चालक पन्नाशीचा, थकलेला माणूस होता. त्याने जाळीदार खोकं ओट्यावर ठेवलं. आत पिवळसर अंगाचं, तांबड्या ठिपक्यांचं पिल्लू होतं.

"भडंग," चालकाने हाक मारली आणि पिल्लाने कान टवकारले. "बघा, नावही येतं त्याला. जुना द्या, हा घ्या."

"जुना नाही मिळणार," त्रिशला म्हणाली. "आणि हा आम्हाला नको. परत न्या."

चंदना तोवर खोक्याशी गुडघे टेकून बसली होती. तिने जाळीतून बोट आत घातलं. पिल्लू ते चाटू लागलं, चोखू लागलं. त्रिशलाने श्वास ऐकला. शिट्टी नव्हती. मुलीला आत्ता, या क्षणी, त्याला कुशीत घेता आलं असतं, वर्षभर मैदानावर पळता आलं असतं. त्रिशलाच्या तोंडावर आलं होतं, तुला हवा असला तर... तिने ओठ दाबून धरले.

"याचे डोळे छान आहेत," चंदना म्हणाली.

"अजून," त्रिशला म्हणाली.

चंदनाने बोट बाहेर काढलं. "काका, तुम्ही याला नेलं की तो कुठे जाईल?"

"दुसऱ्या घरी. मागणी खूप आहे."

"त्यांना सांगणार तुम्ही, याचं काय होतं ते?"

चालकाने मान फिरवली. "मी फक्त पोचवतो, बाळ."

चंदना आत गेली आणि दप्तरातला जाड काळा मार्कर घेऊन आली. खोक्याच्या वरच्या पांढऱ्या झाकणावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: याचे डोळे दीड वर्षात जातात. कंपनीला माहीत आहे. खाली तिने स्वतःचं नाव आणि आईचा नंबर लिहिला. मार्कर इतका दाबून धरला होता की त्याचं टोक चेपलं.

"अगं, हे मला पुसायला लावतील," चालक म्हणाला.

"ते पुसत नाही," ती म्हणाली.

चालक झाकणाकडे बघत राहिला. ओठ हलवत त्याने दोन्ही ओळी वाचल्या. मग खोकं उचललं, गाडीत ठेवलं, आणि शेजारी पडलेली ताडपत्री त्यावर ओढायला हात पुढे केला. हात तसाच थांबला. त्याने ताडपत्री घडी करून सीटखाली सारली, दार लावलं आणि गाडी पुढच्या पत्त्याकडे काढली.